भरीत गावाचे, बैठक गावाबाहेर

असोदा (जि. जळगाव), प्रतिनिधी : थंडीची चाहूल लागली की जळगाव शहर आणि परिसरातील सायंकाळचे स्वरूप बदलते. सराफ बाजार आणि गोलाणी मार्केटमधील दुकानांची शटर खाली येऊ लागतात, औद्योगिक वसाहतीतील चटई व पाइप कारखान्यांची दिवसपाळी सुटते, बँका आणि कार्यालयांतील दिवे मालवले जातात आणि मोबाइलवरून एकच प्रश्न फिरू लागतो : आज भरीत कुठे? हा प्रश्न वरवर जिभेचा वाटतो. प्रत्यक्षात तो जागेचा आहे. दिवसभराचे काम आटोपल्यावर चार सहकाऱ्यांनी एकत्र बसावे, गरम काही खावे, वाटल्यास एखादा पेला घ्यावा आणि वेळेत घरी परतावे, एवढ्या साध्या गरजेसाठी खान्देशातील शहरांमध्ये सरळ, उजेडातील आणि सर्वांना खुली अशी जागा जवळजवळ नाही. जेवण एका ठिकाणी, पेय दुसऱ्या ठिकाणी आणि दोन्ही एकत्र हवे असल्यास गावाबाहेरच्या अंधारात, अशी येथील सायंकाळची वाटणी झाली आहे. ही वाटणी कोणी ठरवून केलेली नाही. कायदा, कर आणि समाजाची शिस्त या तिन्हींच्या रेट्यातून ती तयार झाली असून तिची किंमत वेगवेगळे घटक मोजत आहेत.

मानांकन मिळाले, पुढे काय?

जळगावपासून जवळच असलेले असोदा हे गाव मराठी वाचकांना कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे माहेर म्हणून परिचित आहे. २४ ऑगस्ट १८८० रोजी त्यांचा जन्म येथे झाला. खवय्यांच्या दृष्टीने मात्र असोद्याची ओळख वांग्याशी जोडलेली आहे. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्यासाठीचा अर्ज असोद्यातील शेतकऱ्यांच्याच मंडळाचा होता. आकाराने मोठे, रंगाने हिरवट-पांढरे, बी कमी आणि साल पातळ ही या वांग्याची वैशिष्ट्ये. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर ते भाजायचे, साल काढून लाकडी भांड्यात ठेचायचे, त्यात तेलात परतलेली हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात आणि कोथिंबीर घालायची आणि कळण्याच्या भाकरीसोबत किंवा पुरीसोबत वाढायचे, ही लेवा पाटीदार घरांमधून आलेली पद्धत आता साऱ्या जिल्ह्याची झाली आहे. चातुर्मासात अनेक घरांत वांगे वर्ज्य असते. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, म्हणजे चंपाषष्ठीला, खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवल्यावर घरोघरी हंगाम सुरू होतो. डिसेंबर २०१८ मध्ये जळगावात अडीच हजार किलो भरीत एकाच कढईत शिजवण्याचा विक्रमी उपक्रम झाला, तेव्हा या पदार्थाने राज्यभराचे लक्ष वेधून घेतले.

मानांकनाने नाव मिळवून दिले, परंतु त्या नावाचा रोजच्या सायंकाळी काय उपयोग होतो, हा खरा प्रश्न आहे. शहरातील भरीत केंद्रांचा व्यवसाय मुख्यतः बांधून देण्याचा आहे. किलोवर भरीत घ्यायचे, सोबत पुऱ्यांचा पुडा घ्यायचा आणि घरी न्यायचे. बसून खाण्याची सोय असली तरी ती चार-सहा टेबलांपुरती असते आणि मागे रांग उभी असल्याने ताट संपताच उठावे लागते. गप्पांसाठी तेथे जागा नाही. ज्यांना जागा हवी ते शेत गाठतात. शेतावरची भरीत पार्टी ही खान्देशची खास संस्था आहे, मात्र त्यासाठी ओळखीचे शेत, वाहन आणि रात्री उशिरा परतण्याची मुभा लागते. नोकरीनिमित्त बाहेरगावाहून आलेला कारकून, भाड्याच्या खोलीत राहणारा औषध विक्री प्रतिनिधी किंवा रुग्णालयातील परिचारिका यांच्याकडे या तिन्हींपैकी क्वचितच एखादी गोष्ट असते.

एका सायंकाळचे तीन तुकडे

मराठीत ‘बसणे’ या निरुपद्रवी क्रियापदाला एक खासगी अर्थ चिकटला आहे. ‘आज बसू या’ असे मित्राने म्हटले की कशासाठी, हे विचारावे लागत नाही. एकत्र बसणे म्हणजेच मद्यपान, हे समीकरण भाषेत इतके पक्के होण्यामागे जागांची ही विभागणी आहे. कामानंतर निवांत बसण्याची परवानगी असलेली ठिकाणे मद्यालयांव्यतिरिक्त उरलीच नाहीत, असेही म्हणता येईल.

जळगाव, भुसावळ किंवा धुळे येथील सायंकाळ आज तीन प्रकारच्या ठिकाणी विभागलेली आहे. पहिला प्रकार भरीत केंद्रे, शेवभाजीची हॉटेले आणि ‘फॅमिली’ अशी पाटी लावलेली शाकाहारी भोजनालये. येथे पदार्थ उत्तम असतो, कुटुंबे निर्धास्त येतात, परंतु थांबण्याची मुभा नसते. दुसरा प्रकार परमिट रूमचा. येथे हवा तेवढा वेळ बसता येते, मात्र दिवे मंद, दारावर पडदा आणि ग्राहक जवळजवळ सर्व पुरुष. जेवण हे तेथे चकण्याचे मोठे भावंड असते, भरिताला सहसा थारा नसतो. तिसरा प्रकार रस्त्याकडेचे ढाबे. काळ्या मसाल्याची भाजी, शेवभाजी, पातोडी, तंदूरची रोटी आणि टेबलाखाली स्वतः आणलेली बाटली हे अनेक ढाब्यांचे उघड गुपित आहे. खाणे आणि पिणे एकत्र येते ते येथेच, आणि नेमके तेच बेकायदा असते.

कायद्याने उभारलेली भिंत

या विभागणीचे मूळ १९४९ च्या दारूबंदी कायद्यात आहे. मुंबई राज्याच्या काळात झालेला हा कायदा आज महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम या नावाने लागू आहे. नावाप्रमाणेच त्याचा पाया बंदीचा आहे आणि परवाना हा त्याला अपवाद आहे. त्यामुळे विदेशी मद्य देणाऱ्या हॉटेलला ‘एफएल-३’ परवाना तर लागतोच, शिवाय पिणाऱ्यालाही स्वतःचा वैयक्तिक परवाना बाळगावा लागतो. तो एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीव असतो. सौम्य मद्यासाठी वयाची अट २१ वर्षे आणि तीव्र मद्यासाठी २५ वर्षे आहे. हॉटेलच्या परवान्याचे शुल्क गावाच्या लोकसंख्येनुसार ठरते आणि दरवर्षी भरावे लागते. पाच-सहा टेबलांच्या खानावळीला ते परवडत नाही. ज्याने ते भरले, त्याला वसुलीसाठी जेवणापेक्षा मद्याच्या विक्रीवरच भर द्यावा लागतो. परमिट रूममधील स्वयंपाकघर दुय्यम राहते, त्याचे हे आर्थिक कारण आहे.

विनापरवाना ठिकाणी मद्यपान होऊ देणाऱ्या मालकावर याच कायद्याच्या कलम ६८ नुसार आणि तेथे पिणाऱ्या ग्राहकावर कलम ८४ नुसार कारवाई होते. राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या ढाब्यांवरील छाप्यांच्या बातम्यांमध्ये ही दोन कलमे हमखास वाचायला मिळतात. छापा पडतो, दंड होतो आणि काही दिवसांनी टेबले पुन्हा भरतात. कारण मागणी तशीच राहते आणि तिला कायदेशीर वाट मिळत नाही.

या चित्रात २०१६ नंतर आणखी एक पदर जोडला गेला. १५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्री करण्यास मनाई केली. ३१ मार्च २०१७ च्या आदेशाने बार आणि उपाहारगृहेही या कक्षेत आली, तर २० हजारांपर्यंत लोकसंख्येच्या स्थानिक संस्थांच्या हद्दीत हे अंतर २२० मीटर करण्यात आले. त्याच वर्षी जुलैमध्ये न्यायालयाने नगरपालिका हद्दीतील परवान्यांना या मनाईची आडकाठी नसल्याचे स्पष्ट केले. न्यायालयाचा हेतू निर्विवादपणे योग्य होता. मद्यधुंद वाहनचालकांमुळे होणारे अपघात रोखणे हा तो हेतू. परंतु ज्या प्रदेशाची सायंकाळच सुरत-नागपूर महामार्गाच्या कडेला भरते, तेथे परवानाधारक दूर गेला तरी विनापरवाना ढाबा जागेवर राहतो. बाटली शहरातील दुकानातून घेतली जाते, प्यायली जाते गावाबाहेर आणि परतीचा प्रवास होतो दुचाकीवरून. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मद्यपान करून वाहन चालविल्यास पहिल्याच गुन्ह्याला १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. तरीही मुळात वाहन चालवण्याची वेळ येऊ नये, अशी जागांची मांडणी कोणी केलेली नाही.

कराचा भार कोणावर?

कायद्याच्या जोडीला कर आहे. उपाहारगृहातील जेवणावर १५ नोव्हेंबर २०१७ पासून साधारणतः ५ टक्के वस्तू व सेवा कर आकारला जातो. मद्य या कराच्या बाहेर असून त्यावर राज्याचा स्वतंत्र कर आहे. परमिट रूममध्ये दिल्या जाणाऱ्या मद्यावरील मूल्यवर्धित कर १ नोव्हेंबर २०२३ पासून ५ वरून १० टक्के झाला. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरील उत्पादन शुल्क निर्मिती मूल्याच्या ३ पटींवरून ४.५ पट करण्याचा निर्णय घेतला. बीअर आणि वाइन त्यातून वगळण्यात आल्या. या वाढींच्या आणि परवाना शुल्कवाढीच्या निषेधार्थ १४ जुलै २०२५ रोजी राज्यभरातील परमिट रूम आणि बार बंद ठेवण्यात आले होते.

मद्य महाग झाल्याने पिणे कमी होत असेल तर त्याचे स्वागतच करायला हवे. अडचण वेगळीच आहे. बसून, उजेडात, जेवणासोबत घेतलेला पेला दुकानातून बाटली घेऊन आडोशाला रिचवण्यापेक्षा कितीतरी महाग पडतो. दोन्हींतील फरक जितका वाढेल तितका साधा पगारदार ग्राहक परवानाधारक जागेतून ढाब्याकडे, ढाब्याकडून मोकळ्या मैदानाकडे सरकतो. म्हणजे करआकारणीचा परिणाम पिण्याच्या प्रमाणाइतकाच पिण्याच्या जागेवर होतो. ढाबामालकाला आज हप्त्याची आणि छाप्याची भीती, परवानाधारकाला खर्चाची चिंता आणि खानावळवाल्याला रिकाम्या उत्तररात्रीची काळजी, असा हा तिढा आहे.

जपानच्या एका शहराचा धडा

कामानंतरचे साधे जेवण आणि त्यासोबतचा पेला यांचा मेळ कसा घालता येतो, याचे एक उदाहरण जपानमध्ये आहे. तेथील ग्योझा हा पदार्थ दिसायला छोट्या करंजीसारखा. पातळ पारीत कोबी व मांसाचे सारण भरून तो एका बाजूने खरपूस भाजतात आणि वाफ देतात. मूळ चीनमधील हा पदार्थ दुसऱ्या महायुद्धानंतर मांचुरियातून परतलेल्या जपानी सैनिक व नागरिकांमुळे जपानभर रुळला. टोकियोच्या उत्तरेकडील उत्सुनोमिया या शहराने १९९० च्या दशकाच्या प्रारंभी त्याचे सोने केले. सरकारच्या कौटुंबिक खर्चाच्या पाहणीत ग्योझावर सर्वाधिक खर्च करणाऱ्या शहरांत आपले नाव असल्याचे महापालिकेच्या अधिकाऱ्यांच्या लक्षात आले. दुकानदार एकत्र आले, नकाशे निघाले आणि पर्यटनाचा आराखडा झाला. पुढे हामामात्सु आणि मियाझाकी या शहरांनी त्याच पाहणीत पहिल्या क्रमांकासाठी उत्सुनोमियाशी स्पर्धा सुरू केली. ही क्रमवारी तेथे दरवर्षी बातमीचा विषय असते.

सायंकाळी या दुकानांत गर्दी असते ती कार्यालयातून सुटलेल्यांची. एक ताट ग्योझा, एक पेला बीअर, अर्धा-पाऊण तास गप्पा आणि मग आगगाडीने घर. हे शक्य होण्यामागे कायद्याची रचनाही आहे. जपानमध्ये उपाहारगृहाला आपल्याच टेबलावर पेयासाठी मद्य देण्याकरिता वेगळा मद्यपरवाना लागत नाही, खाद्यगृहाची परवानगी पुरते. मध्यरात्रीनंतर मद्य द्यायचे झाल्यास पोलिसांकडे नोंद करावी लागते. म्हणजे तेथे कायदा पदार्थाला मुख्य मानतो आणि पेयाला त्याचा सोबती. आपल्याकडे परवाना पेयाचा असतो आणि पदार्थ त्याच्या मागून येतो.

नक्कल का नको?

तरीही ‘जपानसारखे करा’ असा सरधोपट निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. तेथील परतीचा प्रवास आगगाडीने होतो, येथील दुचाकीने. त्याहून महत्त्वाचे म्हणजे महाराष्ट्रात दारूविरोधाचा आवाज प्रामुख्याने महिलांचा आहे आणि त्यामागे घराघरांतील अनुभव आहे. वर्धा आणि गडचिरोली हे जिल्हे आजही दारूबंदीचे आहेत. चंद्रपुरात २०१५ मध्ये लागू झालेली बंदी २०२१ मध्ये उठवण्यात आली, तेव्हा त्यावर झालेला वाद दोन्ही बाजूंनी तीव्र होता. गावातील किंवा प्रभागातील २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केल्यास मतदान घेऊन ‘आडव्या बाटली’च्या बाजूने बहुमत मिळवण्याचा आणि दुकान बंद पाडण्याचा अधिकार राज्यातील महिलांनी लढून मिळवला आहे. पगाराच्या दिवशी घरी न पोहोचलेला पैसा आणि रात्री उशिरा झिंगून परतलेला माणूस ही त्या लढ्याची कारणे होती. खानावळींना सरसकट मद्यपरवाने देण्याची सूचना म्हणजे या अनुभवाकडे डोळेझाक करणे होईल. भरीत केंद्रात बाटली आली, तर आज तेथे निर्धास्त येणारी कुटुंबे उद्या येणार नाहीत, ही भीती अनाठायी नाही.

मग सायंकाळ फक्त पुरुषांची आणि तीही पिणाऱ्यांचीच राहणार काय? महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ नुसार महिला कर्मचाऱ्यांच्या कामाची नियमित वेळ सकाळी ७ ते रात्री ९.३० पर्यंत धरली आहे. संमती व सुरक्षेची व्यवस्था असल्यास त्यापुढेही काम करता येते. १ ऑक्टोबर २०२५ च्या शासन निर्णयाने मद्य देणारी ठिकाणे वगळता इतर दुकाने व हॉटेले २४ तास खुली ठेवण्याची मुभाही स्पष्ट केली. म्हणजे महिलेने रात्री साडेनऊपर्यंत काम करावे हे कायद्याला मान्य आहे. मात्र कामावरून सुटल्यावर तिने सहकाऱ्यांसोबत अर्धा तास कोठे बसावे, याचे उत्तर शहराकडे नाही. परमिट रूम तिच्यासाठी नाही, ढाबा दूर आहे आणि भरीत केंद्रावर उभ्याने पुडा बांधून घ्यावा लागतो. भरीत भाजण्यापासून पुऱ्या लाटण्यापर्यंतचे बहुतेक कष्ट बायकांचे असताना त्या भरिताच्या पंगतीत कामावरून आलेल्या बाईला जागा नसावी, ही या प्रश्नाची सर्वांत बोचरी बाजू आहे.

बाटलीआधी बाकडे

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. खान्देशच्या सायंकाळला सर्वांत आधी हवे आहे ते बाकडे, दिवा, स्वच्छतागृह आणि घरी जाण्याची सोय. पेयाचा प्रश्न त्यानंतरचा आहे. हे करण्यासाठी नवा कायदा लागत नाही. पथविक्रेता अधिनियम, २०१४ नुसार शहर फेरीवाला समितीमार्फत विक्रीक्षेत्रे ठरवण्याचे अधिकार महापालिकेला आहेत. हंगामातील चार महिन्यांसाठी सायंकाळी सहा ते अकरा या वेळेत भरिताचा एक पट्टा आखून देणे, तेथे बसण्याची व्यवस्था, पाणी, प्रकाश आणि महिलांसाठी स्वच्छतागृह पुरवणे हे अशक्य नाही. जळगावात भरणाऱ्या बहिणाबाई महोत्सवात महिला बचत गटांच्या खाद्यपदार्थांच्या दालनांना मिळणारा प्रतिसाद हा या मागणीचा पुरावाच आहे. जे काही दिवस जमते ते हंगामभर का जमू नये, याचा विचार व्हायला हवा.

असोद्यापुरते बोलायचे तर मानांकनाचा खरा लाभ अशाच जागेतून मिळू शकतो. भौगोलिक मानांकनाखाली उत्पादकांना अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करता येते. ताटातील वांगे मानांकित क्षेत्रातील नोंदणीकृत शेतकऱ्याचे आहे, अशी पाटी लावता येईल असे भरीत केंद्र गावातच उभे राहिले, तर शहरातून येणारा ग्राहक असोद्यात थांबेल. आज वांगे बाजार समितीत जाते आणि तेथून त्याचे नाव पुसले जाते. पुण्या-मुंबईतील खान्देशी मंडळी हंगामात भरिताचे डबे आवर्जून मागवतात. त्यांना गावाच्या नावाचे मोल कळते, ते गावातील व्यवस्थेलाही कळले पाहिजे.

परवान्यांच्या बाबतीतही विचार हवा, परंतु तो सावधपणे. जेवण हाच मुख्य व्यवसाय असलेल्या, उजेडातील, ठरावीक वेळेत बंद होणाऱ्या आणि केवळ सौम्य मद्य देणाऱ्या उपाहारगृहांचा वेगळा वर्ग असावा का, यावर चर्चा करायला हरकत नाही. मात्र त्या चर्चेत प्रभागातील महिलांचे मत आधी विचारात घेतले जावे. महसूल किती वाढेल हा त्यातील शेवटचा प्रश्न असावा, पहिला नव्हे. ढाब्यांवर छापे घालून प्रश्न सुटत नाही, हे अनुभवाने दिसले आहे. परवाने वाटूनही तो सुटणार नाही, हे गावोगावच्या महिलांनी सांगून ठेवले आहे.

भरीत हा मुळात एकट्याने खाण्याचा पदार्थ नाही. तो भाजायला चार हात लागतात, ठेचायला दोन आणि खायला पंगत. कामावरून सुटलेल्या माणसाला, मग तो पुरुष असो वा स्त्री, पिणारा असो वा न पिणारा, त्या पंगतीत पाठ टेकून बसता यावे, एवढीच अपेक्षा आहे. असोद्याच्या वांग्याला मानांकन मिळाले आहे. खान्देशच्या सायंकाळला निदान एक बाकडे मिळावे.